वाळत नाही, घडतो असा रंग

‘म्हादेई’ ही नौदलाची शिडाची बोट गोव्यात, दिवाडी बेटावर बांधली गेली. सीडरच्या लाकडी पट्ट्या एपॉक्सीनं जोडायच्या आणि आतून-बाहेरून काचतंतूंचं कापड त्याच एपॉक्सीत भिजवून चढवायचं, अशी तिची घडण. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. अशा बोटी महिनोन्‌महिने ऊन, खारं पाणी आणि दक्षिणेच्या समुद्राचे तडाखे सोसतात, त्यात दोन वेगळ्या डब्यांतून येणाऱ्या द्रवांचा केवढा वाटा असतो हे कळलं, तेव्हापासून मी रंगाच्या डब्याकडे आदरानं बघतो.

दाराला लावलेल्या ऑइलपेंटमधला थिनर उडून जातो, तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होतं. अर्धवट वापरलेल्या डब्यात साय धरते ती याचमुळे. दोन डब्यांच्या रंगाचं किंवा वॉर्निशचं तसं नाही. एकात बेस, दुसऱ्यात हार्डनर. वेगवेगळे असेपर्यंत दोघंही शांत असतात. एकत्र आले की रेणूला रेणू जोडला जातो, साखळ्या तयार होतात, साखळ्या एकमेकींना आडव्या बांधल्या जातात आणि अखेर नाळेपासून सुकाणूपर्यंत पसरलेला तो थर तत्त्वतः एकच अवाढव्य रेणू होतो! जाडी केसाएवढी किंवा त्याहून कमी. त्यावर थिनरचा बोळा फिरवला तरी तो पुन्हा विरघळत नाही.

बोटीवर यातली दोन कुळं भेटतात. एपॉक्सी लाकडाला घट्ट धरतं, पाणी अडवतं, पण उन्हात काही काळानं खडूसारखं भुकटतं. म्हणून त्याच्यावर पॉलियुरेथेन. या रसायनाची वाट ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीतल्या लेव्हरकुसेन इथं उघडली. त्यातले काही प्रकार उन्हानं पिवळे पडतात. बोटीच्या वरच्या थरासाठी न पिवळणारा प्रकार वापरतात आणि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे अणुगट असतात.

या आयसोसायनेटला बेसमधला जोडीदार हवा असतो, पण त्याला पाण्याचीही तितकीच ओढ असते. डब्यात ओल शिरली की ते पाण्याशी जुळतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि हार्डनर घट्ट होऊ लागतो. साधा हिशोब करून पाहिला तर थक्क व्हायला होतं: एक ग्रॅम पाणी सुमारे वीस ग्रॅम दाट हार्डनर निकामी करू शकतं आणि सव्वा लिटरहून जास्त वायू तयार करतं. फुगलेलं झाकण त्यामुळेच दिसतं. असा डबा जोर लावून पुन्हा बंद करू नये, दाबानं तो फुटू शकतो.

मग कोकणातल्या पावसाळ्यात हा द्रव ठेवायचा तरी कसा? इथेही हिशोब मदतीला येतो. तीस अंश तापमानाच्या दमट हवेत दर घनमीटरला तीस ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, म्हणजे अर्ध्या रिकाम्या लिटरच्या डब्यात ग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या जेमतेम दीडपट. एकदा झाकण उघडल्यानं फारसं बिघडत नाही. खरं नुकसान करते ती रंग साचून नीट न बसणारी कड, जिच्यातून हवा आठवडेच्या आठवडे आत-बाहेर करते. म्हणून ओतून झालं की कड पुसून कोरडी करायची, झाकण ठोकून बसवायचं, उरलेला हार्डनर लहान, कोरड्या, काठोकाठ भरेल अशा डब्यात काढायचा आणि त्यावर नाव व तारीख लिहायची. थंड जागेतून आणलेला डबा लगेच उघडू नये, आत दव धरतं. बेसमधली काडी हार्डनरमध्ये तर कधीच नाही.

मिसळताना उत्पादकानं दिलेलं प्रमाण काटेकोर पाळायचं. लवकर वाळावा म्हणून हार्डनर जास्त घालणं ही फार जुनी चूक आहे. जोडीदार न मिळालेले रेणू तसेच राहतात आणि थर कच्चा राहतो. दुकानातला कोणताही थिनरही चालत नाही, कारण त्यात अल्कोहोल असलं तर आयसोसायनेट त्यालाच जाऊन चिकटतं. एपॉक्सी मोठ्या भांड्यात खूप वेळ ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेनं तापत जातं, कधी धूरही निघतो. ते पसरट ट्रेमध्ये घेतलं की उष्णता निघून जाते. तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, म्हणजे एप्रिलच्या दुपारी हातात वेळ फार थोडा. मिसळलेला रंग मात्र परत डब्यात ओतायचा नाही. काम सकाळी लवकर आटोपावं, संध्याकाळचं दव कच्च्या थरावर पडलं की चकाकी मरते.

एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. आयसोसायनेट श्वासात गेल्यानं दमा जडू शकतो आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की नंतर अगदी थोडंही सोसत नाही. स्प्रे मारायचा तर बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो, तोंडाला बांधलेला रुमाल काहीच करत नाही. ब्रश-रोलरनं काम करतानाही हातमोजे, वाफ अडवणारा मास्क आणि मोकळी हवा हवीच.

प्रत्येक होडीला हा रंग शोभत नाही. फळ्या जोडून बांधलेली पारंपरिक होडी पाण्यात फुगते, उन्हात आकसते. कडक थर त्या सांध्यांवर तडकतो. तिला तेलाचा लवचिक रंगच बरा. कोकणात अशा लाकडाला काजूच्या टरफलांचं तेलही लावत आले आहेत, आणि मला या सगळ्यात सर्वांत नवल वाटतं ते त्याचंच. पोर्तुगीजांनी आणलेल्या काजूच्या त्या जळजळीत तेलातून कार्डेनॉल काढतात आणि कार्डेनॉलपासून एपॉक्सीचे फेनाल्कामाइन नावाचे हार्डनर तयार होतात. कार्डेनॉलच्या रेणूला पंधरा कार्बनांची लांब शेपटी असते, ती पाणी दूर ढकलते. त्यामुळे हा हार्डनर किंचित ओलसर पृष्ठभागावरही घट्ट होतो. थंडीतही तो काम करतो, आणि जहाजांच्या प्राइमरमध्ये त्याला मोठी मागणी आहे. रंगानं मात्र तो तांबूस असतो, म्हणून पारदर्शक वॉर्निशमध्ये त्याला जागा नाही. त्याचं काम खालच्या थरात, रंगाच्या आड.