एरंडेल ते सिकलसेल कार्ड

पावसाळा सरला की पोरांना एरंडेल पाजायचं, हा मराठी घरांतला जुना रिवाज. वैद्यांच्या भाषेत ते शरदातलं विरेचन, म्हणजे जुलाबानं पोट साफ करणं. पूर्व विदर्भातल्या गोंदिया जिल्ह्याच्या रानात तर शोधनाची, म्हणजे शरीर आतून साफ करण्याची, औषधं झाडालाच लागतात: हिरडा, बहावा, गेळ. बहाव्याच्या शेंगेतला काळा गर पोट साफ करतो, गेळफळाच्या बिया उलटी घडवतात. पोरं-बाया हिरडा वेचत, तो बाजारात जाई. शास्त्रोक्त पंचकर्म, म्हणजे शोधनाच्या पाच क्रिया, मात्र शहरातल्या वैद्यांकडेच राहिलं.

1970च्या केंद्रीय कायद्यानं आयुर्वेदाचं शिक्षण देशभर एका चौकटीत बसवलं. 2005च्या ग्रामीण आरोग्य अभियानानंतर सरकारी दवाखान्यांत आयुषचे, म्हणजे आयुर्वेदासारख्या पद्धतींचे, डॉक्टर बसू लागले, 2014 मध्ये आयुषचं स्वतंत्र मंत्रालय आलं. मग शहरोशहरी पंचकर्माच्या नावानं ‘डिटॉक्स’च्या पाट्याही लागल्या.

पाटीवर वमन, म्हणजे औषधानं घडवलेली उलटी, एका सकाळचं काम दिसतं. प्रत्यक्षात आधी 3 ते 7 दिवस वाढत्या मात्रेनं तूप प्यायचं, मग तेल चोळून शेक. त्या सकाळी गळ्यापर्यंत दूध किंवा ज्येष्ठमधाचा फांट, त्यावर गेळफळाचं चाटण. उलटीचे वेग मोजायला वैद्य शेजारी बसून. नंतर शुद्धी किती झाली ते पाहून 3, 5 किंवा 7 दिवस तांदळाची पेज, आधी पातळ, मग घट्ट. धानाच्या जिल्ह्यात ही पेज कुणाला शिकवावी लागत नाही. कठीण आहे ते एवढे दिवस कामावरून घरी बसणं. रोजंदारीवर रोवणी करणाऱ्या बाईला ते कसं जमावं?

आणि तिला शोधन हवंच कशाला? कोण शोधनाला योग्य, कोण नाही, हे चरकानं आधीच सांगून ठेवलंय. दुबळ्याला झाडा देत नाहीत, त्याला पोसतात. पूर्व विदर्भात याला आणखी एक कारण आहे. इथे सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. शरीरातलं पाणी घटलं की त्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात, असह्य कळा उठतात. जोरदार जुलाब त्याच्या जिवावर बेतू शकतात.

1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. तपासणी करून कार्ड देतात. गोंदियातल्या वैद्यानं नाडी बघण्याआधी ते कार्ड मागावं. नसेल तर आधी रक्त तपासावं.