‘काइंड ऑफ ब्लू’ची चढी बाजू

माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची ओळख जॅझच्या श्रोत्यांना नव्याने करून देण्याचे कारण नाही. ट्रम्पेटवर डेव्हिस, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, आल्टोवर कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल इव्हान्स आणि एका रचनेपुरता विंटन केली, बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब अशा सात वादकांनी १९५९ सालच्या २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवशी कोलंबिया कंपनीच्या न्यूयॉर्कमधील तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चर्चच्या इमारतीत, पाच रचना वाजवल्या आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांची तबकडी बाजारात आली. तिच्या खपाचे आणि थोरवीचे आकडे सर्वत्र सापडतात. मात्र वेगवेगळ्या काळात निघालेल्या तिच्या प्रती शेजारी शेजारी ठेवून ऐकल्या, तर तिच्या कौतुकात सहसा न येणारी एक बाब उघडी पडते: पहिल्या बाजूवरच्या तिन्ही रचना १९९२ पर्यंत जगाने चुकीच्या पट्टीत ऐकल्या.

चूक घडली ती यंत्रात. स्टुडिओत वादनाच्या वेळी दोन टेपयंत्रे एकाच वेळी चालू होती, एक मुख्य ध्वनिमुद्रणासाठी आणि दुसरे, मुख्य फितीला काही झाले तर हाताशी प्रत असावी म्हणून. मार्चच्या सत्रात मुख्य यंत्र किंचित संथ चालत होते. संथ फिरणाऱ्या फितीवर उतरलेला आवाज पुढे योग्य गतीच्या यंत्रावर वाजवला की तो जलद होतो आणि जलद झाला की चढतो, हा ध्वनिमुद्रणाचा साधा नियम आहे. त्यामुळे ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’ या रचना वाजल्या त्यापेक्षा किंचित वरच्या सुरात छापल्या गेल्या. एप्रिलच्या सत्रात हा दोष नव्हता, म्हणून दुसरी बाजू निर्दोष राहिली आणि एकाच तबकडीच्या दोन बाजूंची पट्टी जुळेनाशी झाली. कोमल आणि शुद्ध स्वरांत जे अंतर असते त्याच्या निम्म्यापर्यंतही हा चढ जात नाही. जुन्या नाट्यपदांच्या ७८ फेऱ्यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या रेकॉर्डी प्रत्यक्षात नेमक्या ७८ फेऱ्यांच्या गतीला मुद्रित झालेल्या नसतात, हे ठाऊक असलेल्या आपल्याकडच्या संग्राहकांना यात नवल वाटणार नाही, पण १९५९ मधल्या अमेरिकन कंपनीकडून ते अपेक्षित नव्हते.

एवढ्याशा चढाची दखल का घ्यावी, याचे उत्तर ‘सो व्हॉट’च्या बांधणीत आहे. ज्याला मोडल जॅझ म्हणतात, त्यात झपाट्याने बदलणाऱ्या कॉर्डांच्या साखळीऐवजी एक स्वरसप्तक बराच वेळ धरून ठेवतात आणि वादक त्याच्या आत विस्तार करतो. ‘सो व्हॉट’मधले डोरियन सप्तक हे स्वरांतरांच्या दृष्टीने आपला काफी थाटच होय. सोळा बार ते पांढरी दोनमध्ये वाजते, पुढचे आठ बार जसेच्या तसे काळी दोनमध्ये चढते आणि शेवटच्या आठ बारांत पुन्हा खाली येते. बत्तीस बारांत घडते ते एवढेच, अर्ध्या स्वराचा एक चढ आणि एक उतार. ज्या रचनेचे सगळे नाट्य अर्ध्या स्वरावर उभे आहे, तिथे त्या अर्ध्या स्वराचा काही हिस्सा यंत्राने आधीच वाढवून ठेवावा, हे क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही. शिवाय गती वाढली की केवळ सूर चढत नाही, वाद्याचा पोतही पातळ होतो. ‘ब्लू इन ग्रीन’मध्ये हार्मन म्यूट लावलेल्या, म्हणजे तोंडाशी धातूचे बूच बसवलेल्या, ट्रम्पेटचा आवाज जुन्या प्रतींत अधिक बारीक आणि टोकदार लागतो. दुरुस्त प्रतीत त्याला थोडे अंग येते.

ही विसंगती प्रथम जाणवली ती तबकडीबरोबर वाजवून शिकणाऱ्यांना. पहिल्या बाजूशी जुळण्यासाठी त्यांना आपले वाद्य चढवावे लागे आणि दुसऱ्या बाजूसाठी पुन्हा उतरवावे लागे. सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट वाजवणारा फुंकीने आणि ओठांनी सूर थोडा खालीवर करू शकतो, पण स्टुडिओतल्या पियानोला ती मुभा नसते, म्हणून दोष वादकांचा नसून फितीच्या गतीचा असावा असा संशय आला. त्या संशयाला पक्का आधार मिळाला तो मार्क वाइल्डर या ध्वनितंत्रज्ञामुळे. १९९२ मध्ये सोन्याचा थर दिलेल्या सीडीच्या आवृत्तीसाठी दुसऱ्या यंत्रावरच्या राखीव फिती वापरल्या गेल्या, त्या योग्य गतीच्या निघाल्या आणि तेहतीस वर्षांनी पहिली बाजू आपल्या पट्टीत आली. डेव्हिसचे निधन त्याआधी, २८ सप्टेंबर १९९१ रोजी झाले होते.

या दुरुस्तीवर सगळेच खूश झाले असे नाही. पिढ्यान्‌पिढ्यांनी जे ऐकले, ज्यावर पोसून जॅझ पुढे गेला, तीच खरी ‘काइंड ऑफ ब्लू’ होय, असे मानणारा संग्राहकांचा एक वर्ग आहे, आणि त्यांचे म्हणणे केवळ स्मरणरंजन म्हणून झटकण्याजोगे नाही. त्यांच्या बाजूने सत्राच्या फितींवरचा एक संवादही पुढे करता येईल. वादनाच्या वेळी स्नेअर ड्रमची बारीक थरथर माइकमध्ये येत असल्याकडे निर्माते आयर्विंग टाउनसेंड लक्ष वेधतात आणि तोही वादनाचाच भाग आहे, अशा अर्थाचे उत्तर डेव्हिस देतो. अपघाताला घरात घेणारा हा कलावंत मग चढ्या सुरालाही घरात घेईल, असा तर्क त्यावरून लढवता येतो. पण तो टिकत नाही. ड्रमची थरथर खोलीत होती, डेव्हिसने ती ऐकली आणि जाणूनबुजून ठेवली. गतीचा दोष खोलीत नव्हताच, तेव्हा तो स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा प्रश्न त्या दिवशी कोणापुढे उभाच राहिला नाही. वादकाची संमती आणि यंत्राची चूक यांना एकाच मापाने मोजणे हा संग्राहकी हट्ट झाला.

तरीही जुन्या प्रतींची बाजू एका वेगळ्या कारणाने भक्कम आहे. मूळ फितीवरून लॅकरच्या तबकडीत खाच कापतात, तिच्यापासून धातूचे साचे करतात आणि त्या साच्यांत व्हिनाइल दाबून प्रती काढतात, ही प्रक्रिया १९५९ मध्ये ताज्या फितीवर झाली. पुढच्या अनेक आवृत्त्यांच्या वाट्याला वापरून झिजलेली फीत किंवा तिची नक्कल आली. म्हणून ‘सिक्स-आय’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या प्रतींना मागणी असते. त्यांच्या लेबलवर डावीकडे आणि उजवीकडे कोलंबियाची डोळ्यासारखी तीन-तीन चिन्हे असतात. १९६० च्या दशकात ती दोनवर आली. चांगल्या अवस्थेतल्या सिक्स-आयमध्ये कॉबच्या झांजांची शेवटपर्यंत विरत जाणारी कड आणि चेंबर्सच्या तारेवरच्या बोटाचा स्पर्श जसा ऐकू येतो, तसा नंतरच्या लाल लेबलच्या प्रतींत सहसा येत नाही. स्टीरिओ प्रतीत कोल्ट्रेन डावीकडे, ॲडर्ली उजवीकडे आणि डेव्हिस मधोमध असतो. मोनो प्रतीत ही मांडणी मिळत नाही, पण तिघांच्या वाद्यांचा मेळ अधिक एकजीव लागतो.

निवड करायचीच झाली, तर पहिली बाजू १९९२ नंतरच्या दुरुस्त आवृत्तीवर ऐकावी, आणि दुसरी, जिच्यात गतीचा दोष कधी नव्हताच, ती परवडत असल्यास सिक्स-आयवर. जुनी प्रत हाताळताना एक खबरदारी घ्यावी. सुरुवातीच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावे अदलाबदल होऊन छापली गेली आहेत. लेबल काहीही सांगो, आपल्या दादऱ्याशी जवळीक असलेल्या सहाच्या लयीत जी आधी सुरू होते ती ‘ऑल ब्लूज’, आणि पाच सप्तकांतून प्रत्येक वादकाच्या मर्जीने रेंगाळत जाणारी ती ‘फ्लेमेंको स्केचेस’.