घरचा संगणक : तिजोरीची किल्ली रोज खिशात नको

दुकानात नोकर ठेवला म्हणजे आपण त्याच्या हाती शटरची किल्ली देतो, तिजोरीची देत नाही. तो बेइमान असतो म्हणून नव्हे, तर किल्ली हरवली तरी नुकसान थोडक्यात निभावावे म्हणून. घरच्या संगणकाच्या बाबतीत मात्र आपण हा साधा व्यवहार विसरतो.

उधारीची खाती, जीएसटीची विवरणपत्रे, नक्षीचे नमुने, बँकेचे व्यवहार असे सारे एकाच संगणकावर असते आणि संध्याकाळी त्यावरच मुले खेळ उतरवून घेतात. विंडोजमध्ये पहिले खाते तयार होते ते 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणजे मालकाचे. नवा प्रोग्राम बसविणे, सुरक्षा बंद करणे, दुसऱ्यांच्या फाइली उघडणे हे सर्व अधिकार त्याला असतात. 2007 साली आलेल्या व्हिस्टापासून मोठा बदल करण्यापूर्वी विंडोज परवानगी विचारते. पण मालकाच्या खात्यात नुसते 'येस' दाबले की काम होते. घाईगर्दीत आपण ते न वाचताच दाबतो आणि 'बिल' म्हणून आलेल्या फाइलीतील विषाणूला सारे घर मोकळे होते. साध्या, म्हणजे 'स्टँडर्ड' खात्यात मात्र मालकाचा पासवर्ड मागितला जातो. तेथे माणूस थांबतो व विचार करतो.

हे करण्यास खर्च नाही. विंडोज 11 मध्ये 'सेटिंग्ज'मधील 'अकाउंट्स' व त्यातील 'अदर यूजर्स' येथे जाऊन एक नवे खाते उघडावे. त्यास ॲडमिनिस्ट्रेटर करून भक्कम पासवर्ड द्यावा. त्या खात्यात एकदा शिरून आपले रोजचे जुने खाते 'स्टँडर्ड' करावे. जुन्या फाइली जागच्या जागी राहतात. मुलांना वेगळे स्टँडर्ड खाते द्यावे. मालकाचा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवावा, संगणकावर चिकटवू नये.

हिशेबाच्या फाइली आपल्या खात्यातील 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवाव्यात, कारण 'डी' ड्राइव्हवरील फाइली बहुधा सर्व खात्यांना बदलता येतात.

एवढ्याने सर्व संकटे टळतील असे आम्ही म्हणणार नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा विषाणू साध्या खात्यातही त्या खात्याच्या फाइली बिघडवू शकतो. म्हणून आठवड्यातून एकदा हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि डिस्क काढून ठेवावी. फोनवर गोड बोलून ओटीपी मागणाऱ्यापुढेही हा उपाय चालत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

वर्षानुवर्षांची उधारी ज्या वहीत आहे, ती वही आपण रस्त्यावर उघडी टाकत नाही. संगणकालाही तोच नियम लावावा, एवढीच आमची विनंती आहे.