चेंबरच्या वाटेतलं जू

ट्रकच्या इंजिनाखाली तेल साठवणारं जे पत्र्याचं घमेलं असतं, त्याला आपले मेकॅनिक चेंबर म्हणतात. तो बदलण्यात काय अवघड असणार? पातळ पत्रा, कडेनं ओळीत लावलेले छोटे बोल्ट, मध्ये एक गॅस्केट. तेल काढा, बोल्ट सोडवा, जुना चेंबर खाली, नवा वर.

आता हेच काम शेवरोलेच्या 1988 नंतरच्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपवर, के-1500 वर, करायला जा. सगळे बोल्ट निघतात आणि तरी चेंबर बाहेर येत नाही. जरासा उतरतो आणि अडतो. का? त्याच्या पोटाला जवळजवळ चिकटून धातूचा एक जडशीळ गोळा बसलाय: पुढचं डिफरन्शियल. आधी ते उतरवा, मग चेंबरचं बोला!

पण मुळात चेंबर बदलायची वेळ का येते? बऱ्याचदा मिठामुळे. अमेरिकेत ग्रेट लेक्सच्या भागात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचतो, तो वितळावा म्हणून मीठ पसरतात. मीठ मिसळलेलं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी लगेच गोठत नाही. तेच खारं पाणी चाकांनी उडतं, ट्रकच्या पोटाला लागतं आणि पत्रा कुरतडत राहतं. आतून तेलात न्हालेला पत्रा नव्यासारखा, बाहेरून मात्र गंजाचे पापुद्रे. मग एक दिवस सुईच्या अग्राएवढं भोक पडतं आणि ट्रक उभा राहील तिथे काळा डाग उमटतो.

आणि हे मीठ येतं कुठून? मोटारींची राजधानी म्हणवणाऱ्या डेट्रॉइट शहराच्या खाली, सुमारे साडेतीनशे मीटरवर, मिठाची प्रचंड खाण आहे. सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं ते मीठ. खाणीच्या अरुंद विहिरीतून अख्खा ट्रक मावत नाही, म्हणून ट्रकचे तुकडे करून खाली सोडले गेले आणि तळाशी पुन्हा जोडले गेले. जगाला मोटारी देणाऱ्या शहराच्या पायाखालीच मोटारींचा पत्रा खाणारा समुद्र निजलाय!

बरं, डिफरन्शियल चेंबरला इतकं खेटून का? 1987 पर्यंतच्या या ट्रकांना पुढे सलग एक्सल असे. खड्डा आला की अख्खा एक्सल डिफरन्शियलसकट वर उसळायचा, त्यामुळे त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये मोकळी जागा सोडावीच लागे. 1988 मध्ये दोन्ही चाकांना आपापलं सस्पेन्शन मिळालं. आता चाकं वरखाली होतात आणि डिफरन्शियल चॅसीला पक्कं बांधलेलं राहतं. जे उसळतच नाही त्याला मोकळी जागा कशाला? ते वर सरकवलं गेलं, थेट चेंबरखाली. प्रवास मऊ झाला, मेकॅनिकचं काम वाढलं.

तर हे डिफरन्शियल करतं काय? शाळेचं संचलन आठवा. मुलांची आडवी रांग कोपऱ्यावर वळते तेव्हा आतलं मूल जागच्या जागी पाय आपटतं आणि कडेचं मूल लांब ढांगा टाकतं. गाडीच्या चाकांचंही तसंच. मागच्या दोन चाकांत 1.6 मीटर अंतर धरा. गाडीनं एक पूर्ण गोल फेरी मारली, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 10 मीटर जास्त धावतं. आणि गंमत बघा, फेरी अंगणाएवढी असो की तालुक्याएवढी, फरक तेवढाच! बैलगाडीला ही अडचण नाही, कारण तिची चाकं आसाभोवती सुटी फिरतात. पण इंजिनाला तर दोन्ही चाकं फिरवायची आहेत. एकाच वेळी ढकलायचंही आणि मोकळंही सोडायचं, हे जमायचं कसं?

उत्तर बैलाच्या मानेवर आहे. जू बघा. एक बैल दोन पावलं पुढे गेला की जू तिरकं होतं, पण मध्यावर दोघांची ओढ एकवटलेलीच राहते. डिफरन्शियल हे उलटं वापरलेलं जू आहे: जोर मध्यावर लागतो आणि दोन्ही टोकांना सारखा वाटला जातो. फक्त खरं जू थोडंच तिरकं होऊ शकतं. म्हणून त्याला गोल केलं, दाते पाडले, आणि झाला छोटा गिअर. एक दाता सरला की पुढचा दाता नवं जू म्हणून हजर. कधीच न संपणारं जू! फ्रान्समधल्या ओनेझिफोर पेकर नावाच्या घड्याळजीनं ही रचना 1827-28 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी मांडली, पेट्रोलची मोटार जन्माला यायच्या कितीतरी आधी. पुढे 1937 मध्ये शेवरोलेनं ती समजावणारा 'अराउंड द कॉर्नर' हा छोटा चित्रपट काढला. आजही त्याच्याइतकं सोपं समजावणं क्वचितच सापडतं.

आता ट्रकखाली जाऊ. डिफरन्शियल उतरवताना आधी पुढचा प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा, मग दोन्ही चाकांकडे जाणारे शाफ्ट. प्रत्येकाला सहा बोल्ट, गंजून घट्ट बसलेले. डिफरन्शियलच्या उजवीकडच्या नळीवर अंगठ्याएवढा एक भाग दिसतो, त्याला वायर लावलेली. यात मोटर नाही. आत भरलेला पदार्थ विजेनं तापतो, फुगतो, दांडा पुढे ढकलतो आणि उजवा एक्सल जोडला जातो. फोर-व्हील लावल्यावर काही क्षण थांबावं लागतं ते यामुळेच: ट्रक तापण्याची वाट बघत असतो. फोर-व्हील बंद असते तेव्हाचं नवल तर आणखी मोठं. डावं चाक रस्त्यावर पुढे फिरतं, मधलं जू स्वतःभोवती गिरक्या घेतं, आणि उजव्या नळीतला अर्धा एक्सल चक्क उलटा फिरत राहतो. वर बसलेल्याला पत्ताही नसतो.

शेवटचे बोल्ट काढले की ते धूड जॅकवर अलगद खाली येतं. मग चेंबर निघतो आणि वर बघितलं की तेलानं चकाकणारा इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, उघडा दिसतो. हमरस्त्यावर हाच क्रँक सेकंदाला तीस-पस्तीस फेऱ्या मारतो, आणि त्याच्या नि बेअरिंगच्या मध्ये असतो फक्त तेलाचा केसाहून पातळ थर. ते तेल सांभाळणारं भांडं मात्र एक साधा पत्रा.

नवा चेंबर बसवताना घाई नको. जुन्या गॅस्केटचा कण न कण खरवडायचा, कोपऱ्यांत सीलंट लावायचं, बोल्ट थोडेथोडे करत सारखे आवळायचे. कारण पुन्हा गळला, तर पुन्हा डिफरन्शियल उतरवावं लागेल.

आता एक करा. गॅरेजमध्ये एखाद्या ट्रकची मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचललेली दिसली, इंजिन बंद आणि गाडी गिअरमध्ये असली, तर मेकॅनिकला विचारून एक चाक हातानं पुढे फिरवा. आणि पलीकडच्या चाकाकडे बघा. ते मागे फिरेल.