बाबा, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय!

ऑफिसातल्या डेडलाइन्स कोळून प्यायलेला एक बाप, चौथीतली लेक आणि एक श्रीखंडाचा डबा... एका रविवारच्या रात्री नेमकं काय झालं?

रविवार, रात्रीचे साडेनऊ. सोमवारच्या मीटिंगचं प्रेझेंटेशन संपवून मी सोफ्यावर मस्त आडवा झालेलो. हातात रिमोट. आणि तेवढ्यात ते जगप्रसिद्ध वाक्य कानावर आदळलं.

‘बाबा, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय.’

घरात शाळेत जाणारं मूल असेल, तर हे वाचूनच तुमच्या पोटात गोळा आला असेल. ज्यांचं अजून लग्नबिग्न व्हायचंय त्यांच्यासाठी सांगतो, शुक्रवारी संध्याकाळी सहाला येणारा क्लायंटचा मेल याच्यापुढे अगदीच किरकोळ!

विषय होता बियांचा संग्रह. किमान दहा बिया, कार्डशीटवर चिकटवून, खाली नावं लिहून. आता मागे वळून बघताना लक्षात येतं, की ती मदत मागतच नव्हती. नुसती बातमी देत होती. पलंगाखालून तिनं एक किलोचा श्रीखंडाचा डबा काढला, कात्री, स्केचपेनं आणि एक वही मांडली आणि फरशीवर बैठक मारली. बिया सगळ्या डब्यात तयार होत्या. एक तासाचं काम होतं.

पण मी मॅनेजर माणूस! तिनं पहिली बी जरा तिरकी चिकटवली आणि माझ्यातला प्रोफेशनल जागा झाला.

‘थांब थांब. आधी लेआउट ठरवू.’

‘अरे, तिला करू दे ना तिचं,’ स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

‘मी फक्त अलाइनमेंट बघतोय!’

अलाइनमेंट बघता बघता साडेबारा वाजले. आमच्या लहानपणी असल्या कामाला थर्मोकोल लागायचा. २०१८ पासून राज्यात त्याच्यावर बंदी, म्हणून मी फोमबोर्ड मागवला. रात्री दहाला ऑर्डर, दहा मिनिटांत दारात. सहा ओळी, चार रकाने, चोवीस बिया. प्रत्येकीखाली प्रिंट काढलेलं लेबल, मराठी नाव, शास्त्रीय नाव, मूळ देश. गुलमोहर मादागास्करचा, वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा, सगळं इंटरनेटवरून शोधून. चारी बाजूंना सोनेरी बॉर्डर. आणि प्रत्येक बीखाली फेविकॉलचा भरघोस थेंब. (ग्लू गन शोधत होतो, सापडली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.) लेक दहालाच सोफ्यावर झोपून गेली होती. मी बोर्डाचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. रात्री पाऊण वाजता! एकानं अंगठाही दिला.

आता पेरायचं काय?

सोमवारी ऑफिसातूनच फोन केला. ‘काय म्हणाल्या बाई?’

‘मस्त म्हणाल्या. ठेवून घेतला. वर्षभर जिन्यापाशी लावणारेत.’

मी जाम खूश. डेस्कवर शेजारच्या कलीगला सांगूनसुद्धा टाकलं. संध्याकाळी घरी पोचलो तर कन्या जेवणाच्या टेबलाशी गप्प बसलेली. समोर श्रीखंडाचा डबा. रिकामा. रडत वगैरे नव्हती. तिनं फक्त विचारलं, ‘बाबा, आता पेरायचं काय?’

मला प्रश्नच कळला नाही. आणि तो कळला नाही, हेच तिला जास्त लागलं असावं.

झालं होतं असं. माझे वडील, अप्पा, पोस्टातून रिटायर झाल्यापासून रोज पहाटे वेताळ टेकडीवर जायचे. ही टेकडी म्हणजे पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा, सुमारे २६०० फूट. लेक सहा वर्षांची झाली तशी दर रविवारी तीही त्यांच्याबरोबर जायला लागली. त्या वेळी मी काय करत असायचो? झोपलेला असायचो. आठवडाभर हिंजवडीची वारी केल्यावर रविवारी सकाळी उठणं हा मला स्वतःवरचा अन्यायच वाटायचा. हे दोघं नऊला परत यायचे, येताना इडली आणायचे आणि आपसात काहीतरी कुजबुजत डब्यात टाकायचे. मुलांचे छंद म्हणतात तसला काहीतरी छंद, एवढंच मी धरून चाललो होतो.

तो छंद नव्हता, बँक होती! अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणं जपली, त्यासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ही गोष्ट अप्पांनी तिला सांगितली होती. नॉर्वेतल्या स्वालबार्डला बर्फाळ डोंगराच्या पोटात २००८ पासून जगभरच्या पिकांचं बियाणं उणे १८ अंशांत ठेवलेलं असतं, हे तिला शाळेतल्या कुठल्याशा पुस्तकात सापडलं. मग आमच्या पलंगाखाली श्रीखंडाच्या डब्यात कोथरूड शाखा उघडली. डब्यात कडुलिंबाचा वाळका पाला, गुंजांसाठी बूच लावलेली वेगळी बाटली. दिसायला ती लालचुटुक आणि गोड, पण चावली तर जिवावर बेतावं इतकी विषारी, म्हणून ही व्यवस्था. ठरलेलं असं की मार्चात दुधाच्या पिशव्यांमध्ये रोपं करायची आणि पहिला मोठा पाऊस झाला की टेकडीवर लावायची. सगळी नव्हे हं! गुलमोहर फक्त संग्रहाला. टेकडीवर बहावा, शिरीष, मेढशिंगी अशी इथलीच मंडळी, हा अप्पांचा नियम.

आणि जानेवारीत अप्पा बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, घरात काठी घेऊन फिरा, टेकडी मात्र विसरा.

म्हणजे डब्यातल्या त्या बिया दोघांच्या शेवटच्या फेऱ्यांमधल्या होत्या. आणि मी त्या चोवीस रकान्यांत, सोनेरी बॉर्डरीत, फेविकॉल लावून पक्क्या केल्या होत्या.

बोर्ड तुमचा ना?

बुधवारी हाफ डे टाकला आणि शाळेत गेलो. नोकरीच्या इंटरव्ह्यूला गेलो नसेन इतका घाबरून. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘बोर्ड तुम्हीच केलात ना? अहो, कळतं आम्हाला. चौथीतलं मूल इतकी सरळ रेघ मारत नाही.’

मी पायातल्या बुटांकडे बघत राहिलो.

‘प्रोजेक्ट कसा झाला ते बघायला दर वर्षी चार-पाच वडील येतात. परत मागायला आलेले तुम्ही पहिलेच.’

मग त्यांनी कपाटातून तिची वही काढली. श्रेणी म्हणे बोर्डाला नाहीच दिली, वहीला दिली. पोरीनं वर्गात उभं राहून वहीतलं वाचून दाखवलं होतं. सागरगोटा फरशीवर घासला की चटका बसण्याइतका तापतो, हे प्रत्यक्ष करून दाखवलं, आणि पहिल्या बाकावरच्या तिघांना चटके दिले! सोनार पूर्वी गुंजेनं सोनं तोलायचे, ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा, हे गणित फळ्यावर मांडलं. यातलं माझ्या लेबलांवर एक अक्षर नव्हतं.

वहीत चार रकाने होते. नाव, कुठे, तारीख, कोणी शोधली. शेवटचा रकाना मी वरपासून खालपर्यंत वाचला. आजोबा. मी. मी. आजोबा. आई (सीताफळ, घरी). आजोबा. पानं उलटत गेलो. एके ठिकाणी तर आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांचं नावही होतं. बाबा कुठेच नव्हते.

बोर्ड घेऊन निघालो. बाईंनी एकच अट घातली, रोपं आली तर एक शाळेला.

फेविकॉल आणि कोमट पाणी

‘पाण्यात टाका,’ अप्पा पलंगावरून म्हणाले. ‘पांढरा डिंक आहे, सुटेल.’

‘पण अप्पा, भिजल्या की लगेच रुजतील ना? अजून मार्चही लागलेला नाही.’

अप्पा हसले. बऱ्याच दिवसांनी. ‘तू खरंच माझा मुलगा का रे?’

तर मंडळी, ऐका. सागरगोटा, गुंज, गुलमोहर, शिरीष, बहावा, यांची सालं इतकी टणक की पाणी आत शिरतच नाही. तशीच पेरली तर बी महिनोन् महिने ढिम्म पडून राहते. म्हणून पेरायच्या आधी पॉलिश पेपरवर एका बाजूनं घासायची, आतला फिका रंग डोकावेपर्यंत, मग रात्रभर पाण्यात. सकाळी फुगलेली दिसली की समजायचं, आत पाणी गेलं. घासायचा कंटाळा असेल तर उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून तशीच गार होऊ द्यायची. हे सगळं माझ्या मुलीला पाठ. माझ्या वडिलांना पाठ. मधली पिढी बी.ई. कॉम्प्युटर!

फोमबोर्डाचे चौकोन कापून आम्ही परातीत कोमट पाण्यात टाकले. तासाभरात फेविकॉल दुधाळ झाला, मग रबरासारखा सुटायला लागला. मी जुन्या टूथब्रशनं एकेक बी घासत होतो, लेक पुसून वर्तमानपत्रावर मांडत होती. ग्लू गन सापडली असती तर? नकोच तो विचार.

सगळं मात्र सुटलं नाही. मेढशिंगीच्या बिया म्हणजे कागदाहून पातळ पंख, वाऱ्यावर उडायला केलेले. डिंकात ते पंख फाटले, आणि खालची बीही चिंधी झाली. तिघी होत्या, तिन्ही गेल्या. लेकीनं त्या तळहातावर घेतल्या, बघितल्या आणि वहीत त्या ओळीपुढे लिहिलं, ‘संपली.’ कारण लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

मार्चमध्ये बत्तीस पिशव्या भरल्या. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. अप्पा खुर्चीत बसून सूचना द्यायचे, आणि पाणी घालायला काठी टेकत रोज सकाळी उठायचे. फिजिओथेरपिस्टच्या विनवण्यांना दाद न देणारे अप्पा! बहावे सात आले, शिरीष पाच. गुंज एक. तीन सागरगोट्यांपैकी एक सव्विसाव्या दिवशी मातीतून वर आला, एखाद्या रागीट म्हाताऱ्यासारखा मान वाकडी करून. बाकीचे दोन अजून विचार करताहेत.

परवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी काढताना खाली लाल काहीतरी चमकलं. वाकून बघतो तर बिया! चांगल्या दहा-बारा. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, मी वेचतच राहिलो. रुमालात बांधून आणल्या आणि घरात शिरल्या शिरल्या टेबलावर ओतल्या.

‘गुंजा!’

लेकीनं एक उचलली, उजेडात धरली. ‘बाबा, गुंजेला काळा ठिपका असतो. ही रतनगुंज आहे. ही वेल नसते, मोठं झाड असतं. तू वर बघितलंस का?’

नव्हतं बघितलं.

‘उद्या वर बघ. आणि पानाचा फोटो आण.’

मग तिनं वही काढली. नाव, रतनगुंज. कुठे, हिंजवडी, बाबाचं ऑफिस, पार्किंग. तारीख टाकली. शेवटच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं.

‘आजोबा,’ तिनं आतल्या खोलीत हाक मारली, ‘नाव चुकीचं सांगितलं तरी शोधणारा तोच धरायचा ना?’