जुन्या बीटलचा वेग आधी कागदावर काढा, मग कोटेशन द्या

क्लासिक गाड्या दुरुस्तीच्या व्यवसायावरच्या व्हिडिओत मी फळ्यावर एक हिशोब भरभर केला होता. तोच इथे सावकाश मांडतो, कारण या धंद्यात गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाडी हायवेला किती पळेल?" आणि बरेच जण उत्तर देतात, "पळेल की हो ऐंशी-नव्वदनं, काळजी नको." हे उत्तर म्हणजे तोंडी दिलेली गॅरंटी आहे. ती पुढे अंगाशी येते.

उदाहरणाला फोक्सवॅगन बीटल घेऊ, १९६०च्या दशकातलं १३०० मॉडेल. गाडीत आरपीएम दाखवणारा काटा नाही, त्यामुळे इंजिन किती फिरतंय हे हिशोबानेच कळतं.

तीन आकडे लागतात. टॉप गिअरचं प्रमाण ०.८९. क्राऊन-पिनियनचं प्रमाण ४.३७५. दोन्हींचा गुणाकार ३.८९. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे जवळपास ३.९ फेरे. तिसरा आकडा टायरचा घेर.

घेर पुस्तकातून घेऊ नका, मोजा. टायरमध्ये हवा बरोबर भरा, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसवा. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलत पाच पूर्ण फेरे होऊ द्या, टेपने अंतर मोजून पाचाने भागा. गाडीच्या वजनाने टायर खाली थोडा दबतो, म्हणून नुसता व्यास मोजून काढलेला घेर नेहमी जास्त येतो. मूळ मापाच्या ५.६०-१५ टायरला तुमच्याकडे १.९८ मीटर आलं असं धरू.

आता इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर तासाला ६०,०००. भागिले ३.८९, गुणिले १.९८. उत्तर साधारण ३०,५०० मीटर, म्हणजे टॉप गिअरला दर १००० आरपीएममागे ३०.५ किलोमीटर वेग. हा एकच आकडा पाठ ठेवा. ताशी ८० ला इंजिन २६०० च्या आसपास, १०० ला ३३०० च्या जरा खाली. १३०० च्या इंजिनाची पूर्ण ताकद ४००० आरपीएमला मिळते, तिथे हिशोब १२२ दाखवतो. कंपनी या मॉडेलचा कमाल वेग १२० सांगायची. हिशोब जुळला! पण ही नव्या इंजिनाची गोष्ट. साठ वर्षांच्या इंजिनाला तिथे रेटायचं की नाही, हे कॉम्प्रेशन बघून ठरवा.

खरी गंमत पुढे आहे. साठ वर्षांत त्या गाडीचा गिअरबॉक्स बदलला नसेल कशावरून? बीटलच्या १५०० मॉडेलला क्राऊन-पिनियन ४.१२५ चं होतं आणि भंगारातून मिळेल तो बॉक्स बसवणारे कमी नव्हते. न उघडता तपासता येतं. इग्निशन बंद, प्लग काढा, गाडी टॉप गिअरला टाका. मागचं एकच चाक जॅकने उचलून स्टँडवर घ्या, दुसऱ्याला आणि पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. उचललेलं चाक हाताने २० फेरे फिरवा आणि जोडीदाराला इंजिनाच्या पुलीचे फेरे मोजायला सांगा. ३९ आले तर ४.३७५ चा बॉक्स, ३६-३७ आले तर ४.१२५ चा. २० ला ७८ का नाही येत? कारण दुसरं चाक थांबलेलं असताना डिफरन्शियल उचललेल्या चाकाला दुप्पट फिरवतं. इथे भलेभले मिस्त्री फसतात.

आता टायर. गिऱ्हाईकाला गाडी "बसकी" दिसायला हवी असते, म्हणून १६५/६५ आर १५ सारखे बुटके टायर मागतो. घेर समजा १.८१ मीटर भरला, म्हणजे साडेआठ टक्के कमी. बीटलमध्ये स्पीडोमीटरची केबल पुढच्या डाव्या चाकातून निघते, आणि इंजिन मात्र मागची चाकं ओढतं. म्हणून कुठले टायर बदलले यावर सगळं अवलंबून.

चारही बदलले तर काटा ८० दाखवेल, इंजिनाचा आवाजही पूर्वीच्या ८० सारखाच येईल, पण गाडी असेल ७३ वर! मुंबई-पुणे १५० किलोमीटर गेलात तर मीटरवर १६४ पडतील. गिऱ्हाईक म्हणणार, "तुमच्याकडे काम केल्यापासून गाडी दमली." फक्त पुढचे बदलले तर काटा खोटा, इंजिन निवांत. फक्त मागचे बदलले तर काटा खरा, पण ८० ला इंजिन २६०० ऐवजी २८७० वर ओरडणार. आणि तक्रार तुमच्या ट्यूनिंगची होणार!

उलटी मागणीही येते, "लांब गिअरिंगचा बॉक्स टाका, हायवेला आरपीएम उतरू दे." कागदावर ते छान दिसतं. ४.१२५ ने हजारामागे ३०.५ चे ३२.४ होतात. पण छोट्या १२०० इंजिनाला घाटात तो गिअर ओढवणार नाही, आणि खंडाळ्याला गिऱ्हाईक सारखा खालच्या गिअरमध्ये येणार. गिअरिंग फक्त कुठल्या आरपीएमला किती वेग हे सांगतं. तिथवर पोहोचायची ताकद इंजिनात आहे का, ते नाही सांगत.

माझं मत विचाराल तर हा हिशोब फुकट देऊ नका. तपासणीचं काम म्हणून कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाका आणि त्याखाली लिहा: मोजलेला घेर, मोजलेलं प्रमाण, ८० ला आरपीएम, काट्यातली चूक. टायर किंवा बॉक्स बदलायचा असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी लिहा. खाली गिऱ्हाईकाची सही घ्या, एक प्रत त्याला, एक फाईलला. काम झाल्यावर त्याला शेजारी बसवा, मोबाईलच्या जीपीएसवर वेग दाखवा आणि तो आकडाही त्याच कागदावर पेनाने लिहून टाका.