तिसरा नंबर हवा होता

गेल्या सुट्टीत एका रात्री ईशाची नमाज आटोपून आम्ही घरचे सारे एक इराणी चित्रपट पाहायला बसलो. माजिद मजीदी यांचा १९९७ चा ‘बच्चेहा-ये आसमान’, म्हणजे आसमानची मुलं. ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ या नावाने तो जगभर पाहिला गेला.

गोष्ट साधी आहे. तेहरानच्या गरीब वस्तीतला अली आपल्या बहिणीचे, जहराचे, दुरुस्त करून आणलेले बूट हरवतो. अम्मी आजारी, घरभाडे थकलेले. अब्बांना सांगावे तर त्यांना कर्ज काढावे लागेल. म्हणून दोघे अलीचाच जोड वाटून घेतात. सकाळी तिची शाळा, नंतर त्याची. मधल्या गल्लीत धावत अदलाबदल.

एका प्रसंगात अब्बा मशिदीसाठी साखरेचे खडे फोडत बसलेले असतात. समोर साखरेचा ढीग, पण स्वतःच्या चहासाठी ते जहराला घरातली साखर आणायला सांगतात, कारण ही साखर मशिदीची. पुढे जहराला आपले बूट दुसऱ्या एका मुलीच्या पायांत दिसतात. बहीणभाऊ तिच्या घरापर्यंत जातात. पाहतात तर तिचे वडील अंध! दोघे मुकाट्याने परत फिरतात.

मुलांना हे कोणी शिकवले? चित्रपटात कोणी सांगत नाही, पण आपल्याला कळते. ‘अमानत’ या शब्दावर वर्गात तास-तास बोलणारे आणि प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य लिहायला लावणारे आम्ही मास्तर लोक थोडे ओशाळलोच.

शेवटी अली शर्यतीत धावतो. तिसऱ्या क्रमांकाचे बक्षीस बूट असते. तोच त्याला हवा असतो. पण तो पहिला येतो आणि रडतो. सारे टाळ्या वाजवतात, त्याच्या रडण्याचे कारण कोणालाच ठाऊक नसते. तिकडे अब्बांच्या सायकलवर दोन नवे जोड बांधलेले असतात. ते आपल्याला दिसतात, अलीला नाही.

दिवे लावले तर आमच्या थोरल्याचे डोळे भरलेले. त्याच्या अम्मीने जवळ घेऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सहलीला जायचं नाही, असं मी खोटंच सांगितलं होतं. घराच्या हप्त्याबद्दल तुम्ही बोलत होता, ते मी ऐकलं होतं.”

आम्ही गप्प झालो. सहलीचे पैसे आम्ही कधीच बाजूला काढून ठेवले होते. तो नको म्हणाला, म्हणून आम्ही पुन्हा विचारलेच नाही.

माया दोन्हीकडे होती, बोलणे तेवढे नव्हते. वाचकहो, आपल्या घरातही एखादा अली असेल. आता आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतर मोबाईल कपाटावर जातात आणि प्रत्येकजण आपल्या दिवसाची गोष्ट सांगतो. तात्पर्य कोणी विचारायचे नाही, एवढाच नियम.